झिलाक इचारलंस? नवशिक्या आई-बापांसाठी मार्गदर्शिका

ज्यांना मुलं आहेत आणि ज्यांनी त्या मुलांना आजवर काहीही विचारलेलं नाही, अशा पालकांसाठी ही मार्गदर्शिका आहे. आमच्या सिंधुदुर्गात अशांची संख्या भरपूर. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आपल्यालाही कुणी विचारलं नव्हतं. माझ्या अकरावीचा निर्णय झाला तेव्हा मी मागच्या खोलीत आंब्याची आढी लावत होतो. हात धुऊन ओटीवर आलो तेव्हा कळलं की मी डॉक्टर होणार आहे. झालो नाही. बारावीला दोनदा गचकलो आणि तिसऱ्यांदा बसायला तरी लागू नये म्हणून देवाला नारळ ठेवला.

साहित्य फार लागत नाही. एक मूल, वय चार ते चोवीस. एक निर्णय, शक्यतो स्वस्त. दोन असोले नारळ आणि हातभर सुंभ. सुटे दोनशे रुपये. आणि पालकाने तोंडात धरायला सुपारीचं एक खांड. त्याचा उपयोग पुढे येईल, तोवर चघळू नका.

सुरुवात कधी करू नये

दहावीच्या निकालाच्या दिवशी करू नये. बहुतेक पालक नेमकी तिथेच करतात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचं आमचं कोकण मंडळ, आणि ते झाल्यापासून निकालात राज्यात पहिलं येण्याची त्याला सवयच लागली आहे. 2025 साली दहावीचा निकाल 98.82 टक्के लागला. म्हणजे नापास व्हायला आमच्याकडे आता खास कर्तबगारी लागते. (माझी मंडळ व्हायच्या आधीची होती.) इतकी पोरं पास होतात तर निवडायलाही मोकळी असतील असं परक्याला वाटेल. पण निकाल लागतो दुपारी एकला आणि सव्वा वाजता मुंबईहून फोन येतो. दीड वाजेपर्यंत पोराचं आयुष्य ठरलेलं असतं. पोर तेव्हा पेढे वाटायला शेजारी गेलेलं असतं.

सोळा वर्षं ज्याला भाजी कुठली खाणार हेही विचारलं नाही, त्याला एकदम ‘बोल, पुढे काय ठरवलंस?’ असं विचारलं तर तो गोंधळतो. मग आपण म्हणतो, बघा, याला काही ठरवताच येत नाही. सराव कुठे दिला होता?

पहिला धडा: बांगडे

पहिला निर्णय असा हवा की त्याचा निकाल दुपारच्या जेवणाला ताटात दिसेल. मालवणात त्यासाठी मासे आहेत. मूल दहा वर्षांचं झालं की त्याच्या हातात दोनशे रुपये आणि पिशवी द्यायची आणि मासळी बाजारात एकटं धाडायचं. काळ नारळी पौर्णिमेनंतरचा धरा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. बाजारात असते ती बर्फातली, बाहेरून आलेली मासळी, आणि तिचे भाव ऐकून मोठी माणसंही सुकटीवर येतात. नवशिक्याचा हात त्या दिवसांत नको.

जाण्याआधी एकदाच दाखवायचं. बांगडा हातात घ्यायचा आणि कल्ल्याचं झाकण अंगठ्याच्या नखाने उचलायचं. आत लालभडक असलं तर ठीक. तपकिरी किंवा चिकट असलं तर काही न बोलता खाली ठेवायचा. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, खोल गेलेला, दुधाळ नको. पोट दाबल्यावर बोटाचा खड्डा राहू नये. डोक्याकडून धरला तर मासा ताठ राहायला हवा, ओल्या फडक्यासारखा लोंबता कामा नये. एवढं पुरे. घासाघीस शिकवत बसू नका. ती शिकवायला पाटीमागे बसलेल्या बायका समर्थ आहेत.

माझी लेक पहिल्यांदा गेली तेव्हा माझ्या आईने उंबऱ्यात उभं राहून विचारलं, “इतक्याशा चेडवाक कित्याक धाडलंस?” मला उत्तर सुचेपर्यंत चेडू परत आलं होतं. चेहऱ्यावर दिग्विजय. पिशवी उघडली आणि डोळ्यांआधी नाकाला कळलं. कल्ले तिने बघितले होते, पण वरच्या दोन बांगड्यांचे. वाट्यातले खालचे चार कालचे होते, कदाचित परवाचे.

या मार्गदर्शिकेतला सगळ्यात अवघड टप्पा इथे येतो, तो म्हणजे पालकाचं तोंड. त्यातून शब्द जाऊ द्यायचा नाही हे बहुतेकांना जमतं, भुवया मात्र जातातच. ‘तरी मी सांगत होतो’ हे वाक्य भुवयांनी फार स्वच्छ बोलता येतं. बायकोने माझ्याकडे बघितलं, मी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघितलं. खालचे चार बांगडे मांजरीच्या नशिबी गेले आणि वरच्या दोघांचं तिखलं झालं, तिरफळं जरा सढळ हाताने घालून. माणसं पाच, बांगडे दोन. ताटात नुसता रस्सा बघून लेक काही बोलली नाही, आम्हीही बोललो नाही. आई बोलणार होती, पण तिला मी शेपटीकडचा तुकडा आधीच वाढला होता.

पुढच्या रविवारी ती परत आली तेव्हा तिच्या उजव्या अंगठ्याच्या नखात रक्त होतं. वाटा तिने पाटावर पालथा करायला लावला होता आणि सहाच्या सहा कल्ले उघडून बघितले होते. “ती बाय माका म्हणता, बापाशीन धाडलेली पोलीस काय गो तू?” हे सांगताना ती जेवढी खूश होती तेवढी पाचवीत पहिली आली तेव्हा नव्हती.

एक सूचना. मुलाला बाजारात धाडून मागून व्हिडिओ कॉल करू नका. पडद्यावर कल्ले दाखवायला लावणारे बाप मी बघितले आहेत. त्यांनी सरळ स्वतः जावं, निदान पेट्रोल तरी सत्कारणी लागेल.

दुसरा धडा: असोले नारळ

मुलांच्या बाबतीत संयुक्त राष्ट्रांचा एक करार आहे, 1989 सालचा. भारताने तो 1992 मध्ये मान्य केला. त्याचं बारावं कलम सांगतं की मुलाशी संबंध असलेल्या गोष्टीत त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं आणि त्याच्या वयाच्या, समजेच्या मानाने त्याला वजन द्यावं. कलम चांगलं आहे, पण वजन किती द्यायचं याचा तराजू त्यात दिलेला नाही. आमच्या खाडीकाठी तो जुना आहे. ते वजन नारळांत मोजतात.

पोराला पोहायला शिकवायची रीत अशी. दोन सुके असोले नारळ सुंभाने जोडायचे. सुंभ पोराच्या छातीखालून घ्यायचा, म्हणजे दोन्ही बगलांशी एकेक नारळ येतो. नारळ सुकाच हवा, कारण सोडणात हवा भरलेली असते आणि तीच पोराला वर धरते. मग कर्लीत नाहीतर कालावलच्या खाडीत, भरती-ओहोटी बघून, बापाच्या कमरेइतक्या पाण्यात सोडायचं. चार-आठ दिवसांनी एक नारळ काढतात. पोर एका अंगाला कलतं, पाणी पितं, बापाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतं आणि ज्या अंगाला नारळ नाही तो हात जोरात मारायला शिकतं. मग दुसराही काढतात. बाप पाण्यात उभाच असतो. हात पुढे केलेले असतात, पण धरत नाही.

हे ज्याला खाडीत समजतं त्यालाच कॉलेजच्या खिडकीसमोर समजत नाही, याचं मला नवल वाटतं. तिथे दोनच जातीचे बाप भेटतात. एक, पोराच्या लग्नाचा मुहूर्त निघाला तरी दोन्ही नारळ न सोडणारा. दुसरा, एका सकाळी दोन्ही कापून ‘आता तू मोठा झालास’ म्हणत काठावरून निघून जाणारा.

खरं तर आमचा सगळा कारभारच उलटा आहे. जिथे जीव जाऊ शकतो तिथे आम्ही कोकणातले आई-बाप फार उदार. आठ वर्षांचं पोर शाळेतून येताना व्हाळाच्या काठावर उभं राहतं. पाणी किती चढलंय, कुठला दगड हलतो, ओलांडायचा की पलीकडच्या घरात बसून राहायचं, हे ते एकटं ठरवतं. रतांब्याच्या कुठल्या फांदीवर पाय द्यायचा तेही तेच ठरवतं, कारण खाली कुणी नसतंच. तेच पोर सोळा वर्षांचं झालं की कुठल्या शाखेत नाव घालायचं हे डोंबिवलीचा काका ठरवतो. अठराव्या वर्षी देश त्याला खासदार निवडू देतो. मतदानाचं वय 21 वरून 18 वर आलं ते 1989 मध्ये. आणि केंद्राबाहेर बापूस उभा असतो: “खंयचा बटण दाबलंस?”

कौल घेण्याची पद्धत

आमच्याकडे विचारायची चाल नाही असं कुणी म्हणू नये. आम्ही विचारल्याशिवाय पाऊल उचलत नाही. फक्त देवाला विचारतो.

आचऱ्याची गावपळण घ्या. रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, गुरं-कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस, तीन रात्री झोपड्या बांधून राहतो. परत यायचं तेही कौल घेऊनच. मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडीदेवीची जत्रा भरते, तिला पंचांगातली ठरलेली तिथी नाही. देवीला विचारून तारीख निघते आणि मग त्या तारखेवर मुंबईकरांची रजा, रेल्वेच्या जादा गाड्या आणि मंत्र्यांचे दौरे बसवले जातात. देवीला कुणी म्हणत नाही, की तुका काय कळता, आम्ही आपली शिवरात्र धरून टाकतो.

पद्धत बघण्यासारखी आहे. देवाच्या अंगावर पाकळ्या लावतात, कुठे तांदूळ लावतात. गाऱ्हाणं घालणारा प्रश्न मांडतो तो अगदी स्वच्छ: हे काम व्हायचं असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे. जमलेली माणसं म्हणतात, व्हय महाराजा. आणि मग सगळे गप्प. पाकळी कधी दोन मिनिटांत सुटते, कधी अर्धा तास हलत नाही. कुणी खोकत नाही. कुणी पुढे होऊन पाकळीला फुंकर मारत नाही. डावी पडली तर माणसं उठतात, चपला शोधतात आणि घरी जातात.

हीच पद्धत पोराला लावायची. आधी प्रश्न. ‘तुझं पुढे काय?’ याला प्रश्न म्हणत नाहीत, ती उलटतपासणी झाली. ‘कॉमर्स की आर्ट्स, मालवण की कुडाळ, फॉर्मला चार दिवस आहेत’ हा प्रश्न. चार वर्षांच्या पोराला ‘काय खाणार?’ विचारलं तर ते आइस्क्रीम सांगणार. ‘घावणे की आंबोळी?’ विचारा. दोन्ही तुमच्याच तव्यावरचे, तरी निवडणारं ते.

मग गप्प बसणं. सुपारीचं खांड आता तोंडात टाका. माझ्या निरीक्षणाप्रमाणे मालवणी बाप प्रश्न विचारल्यावर तीन सेकंद थांबू शकतो. चौथ्या सेकंदाला तो म्हणतो, “नाय म्हणजे, सायन्स घेतलंस तर सगळे रस्ते उघडे रवतत, पण बघ तू.” ही फुंकर झाली. पोर खुळं नसतं, वारा कुठून येतो ते त्याला कळतं. ते म्हणतं, बरा, सायन्स. आणि आपण जन्मभर सांगत फिरतो की त्यानेच निवडलं हो, आम्ही काही जबरदस्ती केली नाही. खांड चघळून संपेपर्यंत थांबलात तर कदाचित पोर दोन दिवसांनी, तुम्ही माड शिंपत असताना, मागून येऊन सांगेल.

आणि डावी पडली तर चपला शोधायच्या.

यावर आमच्या शेजारचे एक निवृत्त गुरुजी म्हणाले, म्हणजे आता पोरांना देव्हाऱ्यात बसवायचं काय? तसं नाही. देवाला खोली आवरायला सांगता येत नाही, पोराला येतं.

पालकांची भाषा: थोडा शब्दार्थ

“तुका जा व्हया ता कर.” वरवर बघता यापेक्षा मोठं स्वातंत्र्य जगातल्या कुठल्या राज्यघटनेत नाही. प्रत्यक्षात हे वाक्य पाठ फिरवून, भांडं जरा जोरात ठेवून म्हणतात आणि त्याचा अर्थ ‘करून तर बघ’ असा होतो. “बघूया” म्हणजे नाही, पण ते गणपतीनंतर सांगू. “आमचा काय, आमी आज आसंव, उद्या नसंव” हे ब्रह्मास्त्र आहे. वर्षातून एकदाच वापरा, धार राहते. माझ्या आईने ते रोज वापरलं. ती नव्वदीत आहे आणि बांगडा अजून स्वतः निवडते.

माटवीखालची बैठक

एवढं सगळं नीट झालं आणि भाद्रपद आला, तर सावध. चाकरमानी आले. घरात वीस माणसं, गणपतीवरच्या माटवीला कवंडाळं आणि सुपारीचे शिपटे बांधायचं काम चाललेलं, आणि शिडीवर चढलेला काका वरूनच विचारतो, “झिलाचा काय ठरवल्यास?” त्या क्षणी मागचे सहा महिने पाण्यात जातात. कुणी नेव्ही सुचवतं, कुणी फार्मसी. एक वहिनी म्हणते आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा जर्मनीला गेला. पोर मागे बसून झांजेची दोरी बांधत असतं.

उपाय सोपा आहे. ‘त्याकाच इचार’ म्हणून बाजूला व्हायचं. फोन आला तर फोन पोराच्या हातात द्यायचा. पुतण्याशी थेट बोलायची वेळ आली की काकाचा आवाज अर्ध्या पट्टीने उतरतो, तो अभ्यास कसा चाललाय विचारतो आणि काजू पाठवायची आठवण करून फोन ठेवून देतो.

जिथे विचारायचंच नाही

विचारायला शिकलेला नवा पालक मग सगळंच विचारत सुटतो. ते थांबवा. चौदा वर्षांच्या पोराने दूध आणायला स्कूटर न्यावी का, यावर घरात चर्चा नको. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देऊन गुन्हा घडला तर पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘नाक्यापर्यंतच तर जातो’ हा बचाव त्यात लिहिलेला नाही. आषाढात दांडीच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरायचं का, यावरही मत घेऊ नका. सरकार जून-जुलैत ट्रॉलरवाल्याला ‘तुझं मन काय म्हणतं’ असं विचारत नाही. नाही म्हणायचं, एकदा कारण सांगायचं, आणि नाही मऊ करायला खाजा आणून द्यायचा नाही. खाजा मिळाला की पोराला कळतं की आपण डळमळलो.

उलट एका जागी विचारल्यावाचून भागणार नाही, आणि तिथेच आम्ही विसरतो. मुलगी दाखवायच्या दिवशी पोह्यांवर खोबरं किती घालू हे तिला विचारतात. पोहे खाणाऱ्याबद्दल विचारत नाहीत. मुंबईत रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं, मोठं झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. 1884 पासून खटला चालला. 1887 मध्ये न्यायालयाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग. पुढे तडजोड झाली, त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन त्यांच्या बाजूने उभे होते, पण ते 1885 मध्येच गेले, निकाल त्यांनी पाहिला नाही. कमरेइतक्या पाण्यात हात पुढे करून उभा राहिलेला बाप म्हटला की मला ते आठवतात.

चुकलं तर

चुकणारच. माझ्या लेकीने 91 टक्के असताना कॉमर्स घेतलं. काकाने आठवडाभर फोन केला नाही, आईने तीन दिवस माझ्याशी अबोला धरला. मी डॉक्टर न झाल्याची भरपाई कुणीतरी करील असं तिला वाटत होतं, आणि कबूल करतो, मलाही वाटत होतं. पुढे लेकीचा काही मोठा उत्कर्ष झाला आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली, अशी गोष्ट सांगायला मला आवडलं असतं. ती कुडाळला एका हिशेबाच्या कार्यालयात जीएसटीची विवरणपत्रं भरते. महिन्याची वीस तारीख आली की घरात तिच्याशी कुणी बोलत नाही. साहेब, पगार, कुडाळचा उकाडा, गाडी लेट, सगळ्यांबद्दल तिची तक्रार असते.

माझ्याबद्दल नसते. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे, माझा बापूस जाऊन बावीस वर्षं झाली, आणि कुणी ओटीवर येऊन बसलं की मी अजून सायन्सची गोष्ट काढतो. या लेखातही काढली.

तेव्हा येत्या रविवारी सुटे दोनशे रुपये काढून ठेवा आणि पोराला बाजारात धाडा. फक्त जाण्याआधी वाटा पालथा करून बघायला सांगा. तेवढं सांगायचं मी विसरलो होतो.